हेडमास्तर वर्गात जातात का?

जून महिना जवळ आला की खेडोपाडी घराघरांतून एकच खल सुरू होतो. पोराला शाळेत घालायचे ते कुठे? गावातली जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावर असते. तिथे फी नाही, पुस्तके फुकट, दुपारी खिचडी मिळते. दुसरीकडे तालुक्याच्या गावची खासगी शाळा. तिची पिवळी गाडी दारापर्यंत येते, पोराच्या गळ्यात टाय येतो, आणि सोयाबीनच्या पैशाला तिथेच पाय फुटतात. बाप दोन प्रश्न विचारतो. फी किती, आणि माध्यम कोणते? फार चौकस असला तर तिसरा विचारतो, दहावीचा निकाल किती टक्के लागतो? चौथा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारीत नाही, आणि आज मला बोलायचे आहे ते त्या चौथ्या प्रश्नाविषयी. या शाळेचे हेडमास्तर आठवड्यातून किती वेळा दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसतात?

प्रश्न ऐकून काहींना हसू येईल. हेडमास्तरांचे काम ऑफिसात, वर्गात त्यांचे काय? आणि मास्तर चांगला असला म्हणजे झाले की! खरे आहे. पण मास्तर चांगला राहतो कशाने, हे आपण पाहत नाही. भजनी मंडळात पेटीवाला आणि पखवाजी एकमेकांचे ऐकतात. एखादा बेताल झाला तर लगेच मान फिरते. शिक्षकाचे काम तसे नाही. तो वर्गात शिरला आणि दार लोटले, की आत तो एकटा. चांगला पाठ झाला तर शाबासकी देणारा कुणी मोठा माणूस तिथे नसतो, आणि फसला तर सांगणाराही नसतो. मुले सांगत नाहीत, कारण आपल्याला समजले नाही हे मुलांनाच पुष्कळदा समजलेले नसते. अशी पंधरा-वीस वर्षे एकट्याने काढल्यावर उमेद टिकवणारे शिक्षक आहेत, नाही असे नाही. पण ती उमेद त्यांच्या घरची. शाळेने ती दिलेली नसते.

ही तक्रार आजची नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळांविषयी त्यांनी फार बारकाईने लिहिले आहे. शिक्षक शिकवण्याचे शिक्षण घेतलेला असावा, शेतकरीवर्गातून आलेला असावा, लोकांत मिसळणारा असावा. पगार बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. गावच्या कारभारात त्याला काही जबाबदारीचे स्थान द्यावे, म्हणजे त्याची पत वाढेल. आणि तपासणीबद्दल त्यांचे म्हणणे असे, की डेप्युटी इन्स्पेक्टराने वर्षातून एकदा येऊन जाण्याने काही साधत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता यावे. जुन्या माणसांना ‘दिपोटी’ आठवत असतील. दिपोटी यायचे म्हणजे आठ दिवस आधी शेणसडा, नवे हजेरीपट, मुलांना पाठ करून ठेवलेली उत्तरे! वर्दी न देता येण्याची सूचना फुल्यांनी का केली, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

त्याच काळात खासगी शाळांसाठी सरकारने दुसरी युक्ती काढली होती. मुलांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरवायचे. इन्स्पेक्टर परीक्षा घेणार, जितकी मुले पास तितके पैसे. झाले काय, तर शाळा परीक्षेपुरते घोकून घेऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ती पद्धत सरकारनेच सोडून दिली. पण तिचे भूत अजून पूर्णपणे गेले आहे असे मला वाटत नाही. ‘निकाल १०० टक्के’ असा फलक लावायचा म्हणून नववीतल्या काठावरच्या पोराला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगणाऱ्या शाळा आहेत, हे दहावीचे वर्ग घेणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

आता जिल्हा परिषदेच्या शाळेकडे येऊ. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, आणि ग्रामीण भागातील बहुतेक प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. इथला हेडमास्तर बढतीने होतो, म्हणजे सेवाज्येष्ठतेने. शिक्षक निवडणे त्याच्या हाती नाही, बदली त्याच्या हाती नाही, पगारवाढ त्याच्या हाती नाही. त्यातून शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट दीडशेच्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. आपल्या वाड्यावस्त्यांवर दीडशेचा पट आहे कुठे? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि त्यातला जो ज्येष्ठ तो हेडमास्तर. म्हणजे दोन इयत्ता त्यानेच शिकवायच्या, पोषण आहाराचा तांदूळ त्यानेच मोजायचा, ऑनलाइन माहिती त्यानेच भरायची, आणि केंद्रप्रमुखांचा फोन आला की ‘आजच्या आज पाठवतो साहेब’ असे त्यानेच म्हणायचे. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची मदत एवढीच बाहेरची कामे लावता येतात. पण कागदांचा भार कुठल्या कलमात मोजायचा, ते कलमात लिहिलेले नाही.

अशा शाळेच्या हेडमास्तराला ‘नेतृत्व’ करा म्हणणे म्हणजे नांगराला जुंपलेल्या बैलाला मिरवणुकीत नाच म्हणण्यासारखे आहे. तरीसुद्धा काहीजण ते करतात. कसे करतात ते पुढे सांगतो.

खासगी शाळा म्हणजे एकच जात नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अनुदानित शाळेत संस्था चालवणारी मंडळी गावची, पण पगार सरकारचा. तिथल्या शिक्षकांना पूर्वी संस्थाचालक मनाला येईल तेव्हा काढून टाकीत. म्हणून १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा झाला. काढलेल्या शिक्षकाला न्यायाधिकरणात दाद मागता येऊ लागली. हे फार चांगले झाले. त्या कायद्याखालच्या नियमांनी मुख्याध्यापकही बहुधा ज्येष्ठतेनेच होतो. म्हणजे या बाबतीत अनुदानित शाळा आणि जिल्हा परिषद एकाच वळणावर आल्या. फरक एवढाच, की तिथे हेडमास्तराच्या डोक्यावर शिक्षणाधिकारी आहेत, आणि इथे शिक्षणाधिकारी आहेतच, वर अध्यक्षसाहेबही आहेत.

तिसरी जात स्वयंअर्थसहाय्यित शाळांची. सारा खर्च फीवर. इथे मालक म्हणेल तो हेडमास्तर, आणि हेडमास्तर म्हणेल तो शिक्षक. शिक्षक वेळेवर येतो, कारण न आला तर उद्या दुसरा येईल. बाहेरून ही शिस्त फार गोजिरी दिसते. पण तुटपुंज्या पगारावर दरसाल नवी मुलगी पहिलीच्या वर्गावर उभी राहिली, तर कामात मुरायला तिला वेळ कधी मिळणार? भीतीने हजेरी लागते. शिकवणे भीतीने येत नाही.

हे नुसते माझे मत नको म्हणून दोन मोठ्या पाहण्यांचे सांगतो. २००३ साली वीस राज्यांतील शाळांना न कळवता भेटी देऊन शिक्षकांची हजेरी पाहिली गेली. सरकारी प्राथमिक शाळांत दर चार शिक्षकांमागे एक जागेवर नव्हता. महाराष्ट्राचा आकडा त्या सर्व राज्यांत सर्वांत चांगला निघाला, शेकडा चौदा-पंधरा. त्या पाहणीत दोन गोष्टी आढळल्या. हेडमास्तर स्वतः साध्या शिक्षकांपेक्षा जास्त वेळा जागेवर नव्हते. आणि जवळजवळ तीन हजार सरकारी शाळांपैकी एकाच शाळेच्या प्रमुखाने सांगितले, की वारंवार गैरहजर राहणाऱ्या शिक्षकाला कामावरून काढले गेले. खासगीत सहाशे शाळांमध्ये असे सांगणारे पस्तीस होते. यावरून शिक्षक कामचुकार असतात असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. तो घाईचा आहे. २०१७ साली सहा राज्यांतील सहाशेवर शाळांची आणखी एक पाहणी झाली. तीत विनाकारण दांडी मारणारे शेकडा अडीच निघाले. बाकीचे जे जागेवर नव्हते ते रजेवर, प्रशिक्षणाला किंवा सरकारी कामाला गेलेले. हेडमास्तरांच्या मीटिंगा किती असतात, हे मी सांगायला नको.

दुसरी पाहणी आंध्र प्रदेशातली. तिथे २००८ पासून काही गावांत चिठ्ठ्या टाकून गरीब मुलांना खासगी शाळेत फुकट प्रवेश दिला, आणि चार वर्षांनी त्यांची तुलना ज्यांची चिठ्ठी निघाली नाही अशा मुलांशी केली. तेलुगू आणि गणित यांत दोन्हींकडची मुले सारखीच निघाली. हिंदीत खासगीतली पुढे होती. सरकारी शाळेत तिथे हिंदी जवळजवळ नव्हतेच. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता. खासगीवाल्यांनी यावरून आपली पाठ थोपटावी, सरकारीवाल्यांनी आपली. मला त्यातून एवढेच दिसते, की टाय पाहून गणित येत नाही आणि पगार पाहूनही येत नाही.

मग येते कशाने? एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. तिसरीचा वर्ग आहे, हातच्याची वजाबाकी चालू आहे. बाई फळ्यावर बावन्न वजा अठ्ठावीस छान समजावून सांगतात. ‘किती?’ म्हणून विचारतात, आणि सगळा वर्ग एका सुरात ‘चोवीस’ म्हणतो. बाईंना समाधान वाटते. वाटणारच, आवाज मोठा होता! पण मागच्या रांगेत एक मुलगी बसली आहे, तिच्या वहीत छत्तीस लिहिले आहे. तिने काय केले? आठातून दोन गेले सहा, पाचातून दोन गेले तीन. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, हा तिचा नियम आहे. ती हलगर्जी नाही, हे ध्यानात घ्या. तिचा नियम ती नेटाने पाळते, तो नियमच चुकला आहे. फळ्याजवळून हे दिसत नाही. मागे बसलेल्या माणसाला दिसते.

तो मागे बसलेला माणूस म्हणजे हेडमास्तर. चांगला हेडमास्तर वर्गात जातो तेव्हा शिक्षकाच्या खुर्चीत बसत नाही, मधेच खडू हातात घेत नाही, मुलांपुढे शिक्षकाला टोकत नाही. शिक्षक काय करतो यापेक्षा मुले काय करतात ते तो पाहतो. चार-पाच वह्या चाळतो. कोणाला प्रश्न विचारले गेले आणि कोणाला एकदाही नाही, याची मनाशी नोंद ठेवतो. आणि शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटे बसून म्हणतो, “बाई, पाठ छान झाला. या तीन वह्या जरा पाहता का?” बाई वह्या पाहतात. रागावत नाहीत, कारण समोर वही आहे, आरोप नाही. मग दोघे मिळून ठरवतात, उद्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणायचे आणि एक गठ्ठा सोडून दाखवायचा. लॉगबुकात तारखेसह तेवढेच लिहायचे: काय दिसले, काय ठरले. आठवड्याने पुन्हा जाऊन त्याच तीन वह्या पाहायच्या.

वाईट लॉगबुकही मंडळींनी पाहिले असेल. ‘पाठ चांगला. फलकलेखन नीटनेटके. टाचण पाहिले.’ सगळ्या शिक्षकांना तेच शेरे, एकाच पेनाने, तपासणीच्या आदल्या संध्याकाळी लिहिलेले.

छत्तीसवाल्या मुलीचे पुढे काय होते, हेही बोलले पाहिजे. चौथीत भागाकार येतो, भागाकारात वजाबाकी असते. पाचवीत अपूर्णांक येतात. आठवीपर्यंत ती वर्गात बसते, वह्या उतरवून घेते, हजेरी चांगली असते. नववीत तिला सतरा नंबरचा फॉर्म दाखवतात, नाहीतर घरचे लोक स्थळ पाहायला लागतात. तिसरीतल्या त्या पंधरा मिनिटांची किंमत ही अशी असते. शाळा जिल्हा परिषदेची होती की अध्यक्षसाहेबांची, याने तीत काही फरक पडत नाही.

‘पण दोन शिक्षकी शाळेत हेडमास्तर वर्ग सोडून जाईल कसा?’ शिक्षक मंडळींचा हा प्रश्न रास्त आहे. एक वाट अशी. आठवड्यातून दोनदा परिपाठानंतरचा अर्धा तास दोन्ही वर्ग एकत्र बसवायचे. एकाने गोष्ट सांगायची किंवा तोंडी गणिते घ्यायची, दुसऱ्याने मुलांमध्ये बसून वह्या पाहायच्या. पुढच्या खेपेला अदलाबदल. हेडमास्तराचा पाठही सहकाऱ्याने पाहावा, हे यात आपोआप साधते. ज्याला आपला वर्ग उघडा ठेवायची लाज वाटते, त्याने दुसऱ्याच्या दारात उभे राहू नये.

एका शाळेच्या पलीकडे हे काम कसे पसरते, याचे उदाहरण सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे आहे. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. या गटात चाळीसच्या आसपास शाळा होत्या, सगळ्या जिल्हा परिषदेच्या. तिथल्या विस्तार अधिकारी बाई शेरेबुकात सही करून पुढच्या शाळेला निघाल्या नाहीत. त्या वर्गात मुलांजवळ जमिनीवर बसल्या, शिक्षकांबरोबर वाचन केले, फरशीवर आखणी करून मुलांच्या हाती साहित्य दिले. घोकण्याऐवजी मुलाने स्वतः करून शिकावे, या पद्धतीला ज्ञानरचनावाद असे जड नाव आहे. काम मात्र हलके नव्हते. पुढे राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून तिथे जाऊ लागल्या, आणि २०१५ साली सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम काढला त्याला या कामाचा मोठा आधार होता. मग गंमत अशी झाली, की कितीतरी शाळांनी कुमठ्याची फरशी तेवढी उचलली. रंग आला, चौकोन आले, फोटो निघाले. शिक्षकाशेजारी बसणारा अधिकारी रंगाच्या डब्यातून येत नाही!

मध्य प्रदेशात याची उलटी तऱ्हा पाहायला मिळाली. तिथे प्रत्येक शाळेचे मूल्यमापन करून सुधारणेचा आराखडा लिहून घेण्याची मोठी योजना झाली. आराखडे तयार झाले, चांगले लिहिले गेले. नंतर संशोधकांनी तपासले, तर शिक्षकांच्या हजेरीत फरक नाही, शिकवण्यात नाही, मुलांच्या शिकण्यात नाही. कागद वर गेला आणि वर्ग होता तिथेच राहिला.

शिक्षकाच्या व्यवसायनिष्ठेचा प्रश्न एकदा पुण्यात फार मोठ्या माणसांनी लढवला होता. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी. शिकवणारेच संस्था चालवणारे, अल्प वेतनावर आयुष्याची वर्षे देणारे आजीव सभासद. म्हणजे इथे अध्यक्षसाहेब आणि मास्तर एकच! टिळकांचे म्हणणे, सभासदाचा सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेची. बाहेरचे उद्योग नकोत. आगरकर आणि इतर पुष्कळांना ते अव्यवहार्य वाटत होते. माणसाला संसार आहे, वेतन वाढले पाहिजे. वाद विकोपाला गेला आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. माझा कौल यात आगरकरांकडे आहे. आज तर शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला खासगी शिकवणी करायला बंदी आहे. तेव्हा ज्या संस्था शिक्षकाला पगार पुरेसा देत नाहीत आणि त्याच्याकडून टिळकांची निष्ठा मागतात, त्यांनी आधी स्वतःचा हिशेब काढावा. सरकारही यातून सुटत नाही. २००० पासून नवा शिक्षक तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर असतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे महिन्याला सहा हजार मिळत, ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. तरुण शिक्षक शिकायला सर्वांत उत्सुक असतो तो याच तीन वर्षांत, आणि खोलीचे भाडे कसे भागवावे या विवंचनेतही तो याच तीन वर्षांत असतो.

आता गावकऱ्यांच्या हाती काय आहे? विनाअनुदानित सोडून बाकी प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. कागदावर सह्या करण्यापुरती ती नाही. पुढच्या सभेत कंपाउंडची भिंत आणि रंगरंगोटी झाल्यावर एक पालक म्हणून उभे राहा आणि आदराने विचारा, “गुरुजी, या महिन्यात कुणाच्या वर्गात बसून आलात? काय दिसलं?” शिक्षकाचे नाव चारचौघांत निघता कामा नये, मुलांना काय अडते तेवढे कळले की पुरे. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो, तिथे हाच प्रश्न विचारावा. फी भरणाराला तर तो विचारायचा दुप्पट हक्क आहे.

हेडमास्तर म्हणतील, “वेळच मिळत नाही हो.” ते खरे बोलत असतील. मग विचारा की कोणती कामे आम्ही घेऊ. दाखल्यांच्या नक्कला, नळाची दुरुस्ती, धान्याची मोजदाद यांतले जे नियमाने दुसऱ्याला करता येते ते समितीतल्या कुणीतरी वाटून घ्यावे. तांदळाची पोती नीट मोजून वहीत लिहील असा एखादा पेन्शनीत निघालेला माणूस प्रत्येक गावात पाराखाली बसलेला असतोच.